खुनी कोण ते बघेले सरांनी सांगितलं

रचना गजभियेच्या कादंबऱ्यांवर आजवर जेवढे कार्यक्रम झाले, त्यांतल्या एकाही सूत्रसंचालकानं तिची कादंबरी वाचलेली नव्हती. भंडाऱ्याला एकानं तिची ओळख बालसाहित्यिका म्हणून करून दिली. नागपूरला एका बाईंनी तिच्या कादंबऱ्यांतल्या मंगरू शिपायाला तासभर 'मंगलू' म्हटलं आणि शेवटी विचारलं, "कविता कधीपासून करता?" रचना गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यात राहायची, दिवसभर पोस्टाच्या काउंटरवर बसायची आणि उरल्या वेळात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या गोंदियात घडलेल्या, म्हणजे तिनंच घडवलेल्या, खुनांचा तपास लावायची. तिसऱ्या कादंबरीपर्यंत येता येता सूत्रसंचालक या प्राण्याविषयी तिच्या मनात फारशी माया उरली नव्हती.

म्हणून गोंदियातल्याच साहित्य महोत्सवाचं बोलावणं आलं, तेव्हा तिनं आयोजक टिंकू अग्रवालला एकच अट घातली. "माझ्याशी जो बोलायला बसेल त्यानं पुस्तक वाचलेलं पाहिजे, टिंकूभाऊ. चाळलेलं नाही. वाचलेलं."

"टेन्शनच नका घेऊ मॅडम," टिंकू म्हणाला. "बघेले सरांना देऊन राहिलो तुमचं सेशन. ते तर पुस्तक घोटून पितात."

महोत्सव टिंकूच्याच लॉनवर होता. एरवी तिथं लग्नं लागत, त्यामुळे व्यासपीठाच्या मागं गुलाबी पडद्यावर दोन हंस चोचीला चोच लावून बसलेले होते आणि त्यांच्यावरून महोत्सवाचा फलक टांगलेला होता. रचनानं तो वाचला आणि कपाळाला हात लावला. 'ऐतिहासिक गुन्हेगार लेखकांशी संवाद'.

"टिंकूभाऊ, गुन्हेगार लेखक नाही हो. गुन्हेकथा लेखक."

"तेच ना मॅडम. प्रिंटिंगवाल्याला जागा कमी पडली. पब्लिक समजून घेते."

पब्लिक अजून यायचीच होती. उद्घाटन करणारे साहेब कुठल्याशा भूमिपूजनात अडकले होते आणि ते आल्याशिवाय काही सुरू होणार नव्हतं. जानेवारीचं ऊन मंडपाच्या कनातीवरून सरकत खुर्च्यांवर आलं. रचनाचा नवरा राजदीप पुस्तकांच्या टेबलाशी उभा होता. तिरोड्याच्या वीज प्रकल्पातली रात्रपाळी करून तो तसाच आला होता आणि 'छोट्या लाइनीवरचा खून' या नव्या कादंबरीचे गठ्ठे सोडताना जांभया देत होता.

रचनाच्या शेजारी बसलेले दुसरे 'गुन्हेगार लेखक' पुण्याहून आले होते. निशिकांत परचुरे. पेशवाईत रहस्यं उलगडणारा त्यांचा केशवपंत नावाचा कारकून महाराष्ट्रभर प्रसिद्ध होता आणि त्याच्यावर त्यांनी चौदा कादंबऱ्या लिहिल्या होत्या. माणूस सभ्य होता. पण आल्यापासून त्यांनी रचनाला तिच्या पुस्तकाबद्दल अवाक्षर विचारलं नव्हतं. विचारलं ते एवढंच, की इथून जंगल किती लांब आणि संध्याकाळपर्यंत वाघ बघून परत येता येईल का.

"वाघाला विचारून सांगते," रचना म्हणाली. परचुऱ्यांना ते विनोदी वाटलं. ते मनापासून हसले, त्यामुळे तिची आणखीच चिडचिड झाली.

अखेर साहेब आले, दिवा लागला, सगळ्यांचे सत्कार झाले, ज्यांचे राहिले त्यांचेही झाले, साहेब गेले, आणि त्यांच्याबरोबर पुढच्या दोन रांगाही उठून गेल्या. मग बघेले सर व्यासपीठावर चढले.

चंद्रकुमार बघेले तिरोड्याच्या कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेले. उंच, किडकिडीत, स्वेटरच्या आत टाय. त्यांच्या हातात 'छोट्या लाइनीवरचा खून'ची प्रत होती आणि तिच्या पानापानांतून लाल, पिवळ्या, हिरव्या चिठ्ठ्या बाहेर डोकावत होत्या. ते बघून रचनाचा सकाळपासूनचा राग निम्म्यावर आला. वाचलंय! या माणसानं खरंच वाचलंय!

सरांनी बोलायला सुरुवात केली आणि उरलेला रागही विरघळला. एकोणीसशे अकराचं गोंदिया त्यांनी लोकांपुढं असं उभं केलं की रचनालाही ते नव्यानं दिसलं. बडी लाइन, तिला येऊन मिळणारी छोटी लाइन, मालधक्क्यावरचं गोदाम, गोदामातल्या धानाच्या पोत्यांच्या थप्प्या. त्या थप्पीखाली एके दुपारी सापडलेला गोदामबाबू. सगळे म्हणतात अपघात, थप्पी कोसळली. एकटा मंगरू शिपाई म्हणतो, बाबू थप्पीनं मेलेला नाही, धोतऱ्याच्या विषानं मेलाय. नावं बरोबर, सालं बरोबर. रचना खुर्चीत मागं रेलून बसली. आपल्या लिहिण्यावर कुणी इतक्या प्रेमानं बोलताना तिनं कधी ऐकलं नव्हतं.

"आणि मित्रहो," सरांचा आवाज भरून आला, "अखेरीस जेव्हा मंगरूला उमगतं, की बाबूच्या भाजीत धोतरा कालवणारी बाई दुसरी तिसरी कुणी नसून, ज्या माउलीनं सबंध स्टेशनाला लेकरासारखं खाऊ घातलं ती स्टेशनमास्तरांची पत्नी सगुणाबाईच आहे, तेव्हा अंगावर काटा उभा राहतो!"

रचनाच्या अंगावर खरंच काटा उभा राहिला.

 मग मफलर गुंडाळलेला एक म्हातारा चौथ्या रांगेत उभा राहिला. नागऱ्याचे बिसराम नागपुरे. रेल्वेत होते, आता निवृत्त. गावात पुस्तकांचा काही कार्यक्रम असला की ते हजर असायचेच.

"काय जी सर!" ते म्हणाले. "मी आत्ताच घेतलं न पुस्तक! पिशवीतून काहाडलं बी नाही, अन् तुम्ही सांगून देलं?"

लोक हसले. सरांना वाटलं, लोक खूश झाले. रचनानं माइक ओढला आणि होता नव्हता तेवढा धीर गोळा करून म्हणाली, "सर, पुढचं आपण वाचकांसाठी ठेवू या का?"

"अवश्य, अवश्य! वाचकांनी ते प्रत्यक्षच वाचावं. पान दोनशे बारा!"

अडीच वर्षं. अडीच वर्षं तिनं त्या सगुणाबाईला लपवून ठेवलं होतं. भाजी निवडताना, शिपायांच्या पोरांना ताक वाटताना, बाबूच्या मढ्यावर धाय मोकलून रडताना. वाचकाला तिचा संशय येऊ नये म्हणून दोन निरपराध माणसांना चौकीत बसवलं होतं. आणि या सद्गृहस्थानं पंधरा मिनिटांत तिच्या मुसक्या बांधून तिला मंडपात आणून उभं केलं.

परचुऱ्यांनी घसा साफ केला. "रचनाताई, मनाला लावून घेऊ नका. रहस्य हे केवळ निमित्त असतं. खरी ऐतिहासिक कादंबरी खुनी कळल्यावरसुद्धा वाचली जाते. महत्त्वाचा असतो तो काळ. आता आम्हाला तिकडे एक सोय आहे, दप्तरंच्या दप्तरं भरून मोडीतले कागद आहेत. इकडे तसं फारसं काही घडलं नाही, त्यामुळे तुम्हाला सगळं कल्पनेवरच भागवावं लागत असणार."

एक माणूस एका दिवसात किती सहन करील? रचनाचा आवाज चढला.

"घडलं नाही असं नाही, सर. याच स्टेशनावरून माणसं गाडीत भरून आसामच्या चहाच्या मळ्यांवर पाठवली. वर्षाचा करार सांगितला, पाच वर्षांच्या कागदावर अंगठे घेतले. त्यांतली किती परत आली माहीत नाही. त्यांनी दप्तर कुठं ठेवायचं होतं? माझा गोदामबाबू अशीच माणसं भरून पाठवायचा. म्हणून मेला तो."

मागच्या रांगांतून टाळ्या आल्या.  पण रचनाला त्याचं समाधान लाभलं नाही, कारण तेवढ्यात तिला दिसलं, की बिसराम नागपुरे पिशवी घेऊन पुस्तकांच्या टेबलाशी गेले आहेत. राजदीप हातवारे करून त्यांना काहीतरी समजावत होता. मग त्यानं खांदे उडवले, 'छोट्या लाइनीवरचा खून' परत घेतलं आणि त्याच्या बदल्यात परचुऱ्यांची नवी कोरी कादंबरी त्यांच्या हातात ठेवली. सगळा मंडप माना वळवून बघत होता. परचुऱ्यांनीही बघितलं आणि नाही म्हटलं तरी त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू उमटलं.

बघेले सरांना यातलं काहीच दिसलं नाही. ते परचुऱ्यांच्या विचारात बुडाले होते.

"परचुरे साहेबांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे," ते भारावून म्हणाले आणि त्यांनी टेबलाखालून दुसरं पुस्तक काढलं. त्यातही चिठ्ठ्या होत्या. "यांचंच उदाहरण घ्या. यांच्या नव्या कादंबरीतला तो मुका हुजऱ्या. तो मुका नसतोच आणि फडणिसांचा गळा त्यानंच आवळलेला असतो, हे कळल्यावरसुद्धा मी ती दुसऱ्यांदा—"

"अहो!" परचुरे ताडकन उठले. "अहो, काय करताय काय तुम्ही!"

"मी आपल्या मताला दुजोराच—"

"पंधरा दिवस झाले नाहीत हो पुस्तकाला! चौदा कादंबऱ्यांत असा हुजऱ्या मला पहिल्यांदा सुचला! अहो, माझ्या प्रकाशकालासुद्धा ओळखता आला नव्हता तो!" काळ, दप्तर, निमित्त, सगळं बाजूला राहिलं. पुण्याचा तो सभ्य माणूस लालबुंद होऊन माइक हिसकायला निघाला. "आयोजक कुठे आहेत?"

आणि टेबलाशी उभ्या असलेल्या बिसराम नागपुऱ्यांनी दोन्ही पुस्तकं दोन हातांत धरून मंडपाला विचारलं, "मंग आता मी कोणतं घेऊ?"

मंडप हसून हसून आडवा झाला. रचनानंही सत्काराच्या शालीचा पदर तोंडात कोंबला. सकाळपासून ती पहिल्यांदाच हसत होती आणि ते थांबवता येत नव्हतं.

टिंकू धावत आला. जगातल्या कुठल्याही संकटावर त्याच्याकडं एकच उपाय होता. त्यानं व्यासपीठावर उडी घेतली, परचुऱ्यांच्या हातात पुष्पगुच्छ दिला, रचनाला दुसरा दिला आणि जाहीर केलं, "बघेले सरांनी इतकं मनापासून वाचलं, त्याबद्दल त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार!"

पण सरांच्या आता सगळं ध्यानात आलं होतं. त्यांनी एकदा परचुऱ्यांकडं बघितलं, एकदा रचनाकडं. तोंड असं झालं, की परीक्षेत नक्कल करताना पकडलेल्या पोराचंही होणार नाही. नारळ टेबलावर ठेवून ते पायऱ्या उतरले आणि स्वयंपाकघराच्या बाजूला निघून गेले.

आता व्यासपीठावर दोन लेखक, दोन हंस आणि एक रिकामी खुर्ची. टिंकू खुणेनं विचारत होता, आवरतं घ्यायचं का. रचनाला एकदम वाटलं, नाही. इतकं झाल्यावर तर नाहीच.

"खुनी कोण ते आता सगळ्यांना कळलंच आहे," ती म्हणाली. "तर मग तिनं काऊन मारलं, कशापायी मारलं, ते बोलू."

आणि मग बोलणं झालं. शाई धुऊन काढावी तसा परचुऱ्यांच्या आवाजातला व्याख्यानी सूर निघून गेला. ते म्हणाले, "खरं सांगू? चौदा पुस्तकं लिहिली, पण दर वेळी मला स्वतःला खुनी कोण ते अर्ध्यावर आल्याशिवाय कळत नाही. कळलं की मागं जाऊन पुरावे पेरत बसतो. शेतकरी कापणीनंतर पेरणी करतो का कुठं? मी करतो." रचनानं सांगितलं, की तिला त्रास वेगळाच होतो. मंगरूला बोटांचे ठसे ठाऊक नाहीत, टेलिफोन ठाऊक नाही, आणि मोठ्या घरच्या बाईसमोर उभं राहून प्रश्न विचारायचीही त्याला सोय नाही. तो ओसरीच्या खाली उभा राहून बोलतो. मग त्यानं खुनी शोधायचा कसा? "म्हणून माझे तपास लांबतात," ती म्हणाली. "माझ्या शिपायाला घरात घेतच नाहीत." यावर परचुऱ्यांनी खुर्ची तिच्याकडं वळवली. मग त्यांनी विचारलं, "त्याला स्वयंपाकघर दिसतं कसं?" तिच्या पुस्तकाबद्दल त्यांनी विचारलेला तो पहिला प्रश्न होता. शेजारच्या लॉनवर संध्याकाळच्या वरातीसाठी डीजेवाल्यानं आवाज तपासायला घेतला, तेव्हा कुठं दोघं थांबले.

खाली उतरल्यावर राजदीपनं सांगितलं, बिसरामभाऊंनी शेवटी दोन्ही पुस्तकं नेली. म्हणाले, खुनी माहीत असला की झोप चांगली लागते.

"अन् बघेले सर?"

"तिकडं बसले आहेत. कोणाशी बोलून नाही राहिले."

रचना तरातरा निघाली. हसू आलं होतं ते खरं, पण राग काही गेला नव्हता, आणि तो ज्याचा त्याला पोचवल्याशिवाय घरी जायची तिची तयारी नव्हती. सर स्वयंपाकघराच्या मागं, पाण्याच्या कॅनांशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. टाय सैल केलेला. तिला बघून ते उभे राहिले.

"बसा सर," ती म्हणाली. "मला एक सांगा. तुम्ही आयुष्यभर मुलांना शिकवलं. गोष्टीचा शेवट आधी सांगू नये, एवढं तुम्हाला ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे न, मॅडम." व्यासपीठावरची मराठी खाली उतरली होती. "मी घरून ठरवूनच आलो होतो, का सगुणाबाईचं नाव घ्यायचं नाही. पण बोलता बोलता ते पानच डोळ्यापुढं येऊन उभं राहिलं. मले राहवलंच नाही. आमची मिसेस मले काही सांगतच नाही याच्यामुळं. माझ्या लेकीचं लग्न जमलं ते मले सगळ्यांत शेवटी कळलं."

रचनानं हसू दाबलं. "अहो, पण एवढी वर्षं राबून लपवलेलं—"

"लपलं कुठं होतं, मॅडम?" सर निरागसपणे म्हणाले. "मले चौथ्याच प्रकरणात कळलं होतं."

 "काय?"

"का सगुणाबाईनंच मारलं म्हणून. मले वाटलं सगळ्यांनाच कळत असंल. म्हणून तर बोलून गेलो."

"चौथ्या प्रकरणात? चौथ्या प्रकरणात ती फक्त स्वयंपाक करते!"

"हो न. रोज ती दोन डबे पाठवते, एक मास्तरचा अन् एक बाबूचा. ज्या दिवशी मढं सापडते, त्या दिवशी सकाळी एकच डबा जाते. मढं तर दुपारी सापडलं. मंग सकाळीच तिले कसं माहीत, का बाबू जेवणार नाही?" त्यांनी अपराध्यासारखं खाली बघितलं. "मी कॉलेजच्या होस्टेलची मेस पाहत होतो. ताटं जास्त झाली का कमी झाली, तेच ध्यान राहायचं दिवसभर."

रचना शेजारच्या उलट्या पातेल्यावर बसली. तो डबा तिनंच तिथं ठेवला होता, अर्थात. पण त्याच्या आधी पालकाची भाजी घातली होती, नंतर मास्तरांचा दमा घातला होता, मध्ये एक मांजरसुद्धा सोडली होती. तिला वाटलं होतं, या सगळ्यात तो डबा ब्रह्मदेवालाही दिसणार नाही. तिच्या प्रकाशकाला दिसला नव्हता, राजदीपला दिसला नव्हता. या माणसाला तो पहिल्याच वाचनात दिसला, आणि पुढची सगळी पानं यानं सगुणाबाईला रडताना बघत, सगळं माहीत असून, तरीही इतक्या प्रेमानं वाचली.

तिला रडावं की भांडावं ते कळेना. राग होताच, पण आता तो निम्मा स्वतःवरही होता.

"सर, माझं नवं पुस्तक अर्धं झालं आहे," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही वाचाल? छापायच्या आधी?"

सरांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "मले नका देऊ, मॅडम. माझ्या पोटात काही राहत नाही, पाहिलं न तुम्ही आज."

"शेवटचं प्रकरण देणारच नाही तुम्हाला. खुनी कोण, ते तुम्हाला कळणारच नाही."

"अन् कळलं तर?"

"तर फक्त मला फोन करायचा. फक्त मला, सर."

बघेले सरांनी प्रामाणिकपणे विचार केला. बराच वेळ केला. मग म्हणाले, "प्रयत्न करतो."

होळीच्या आधी रचनानं नव्या कादंबरीची पहिली आठ प्रकरणं त्यांना घरी नेऊन दिली. या खेपेला खून तिनं राइस मिलमध्ये केला होता आणि खुन्याला असा दडवला होता, की लिहिताना तिचा स्वतःचाही गोंधळ उडायचा. दोन दिवस शांततेत गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती पोस्टात जायला निघाली, हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि फोन वाजला.

"मॅडम, मुनीम न?" बघेले सरांच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "कोणालेच नाही सांगितलं, शप्पथ! मिसेसले पण नाही!"

रचनानं फोन कानापासून दूर धरला, डोळे मिटले आणि मनातल्या मनात मुनिमाला, मेसला आणि मराठीच्या समस्त प्राध्यापकांना काय काय ऐकवलं. मग फोन परत कानाशी आणला.

"कुठून कळलं, सर?" तिनं विचारलं, आणि हेल्मेट काढून, पेन शोधून, ती गाडीवरच बसून लिहून घेऊ लागली.